माळ्यावरचे चौथे पुस्तक

नावडत्या लेखकाला आपण फार तर वाचीत नाही. त्याचे त्यात फारसे बिघडत नाही. खरा अन्याय होतो तो आवडत्या लेखकावर. त्याला आपण त्याच्या एखाद्या पुस्तकापाशी खुंटा ठोकून बांधतो आणि बजावतो, ‘बाबा रे, येथून हलायचे नाही. आमचे तुझ्यावर प्रेम आहे!’ त्याने बिचाऱ्याने पुढे पाऊल टाकले, की आपण माना हलवून म्हणतो, ‘छे! आता पूर्वीचा राहिला नाही.’ आपणही पूर्वीचे राहिलेले नसतो, आपले केस पिकलेले असतात, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा गुन्हा मी स्वतः तीस वर्षे केला. म्हणून हा लेख एका परीने कबुलीजबाब आहे. पण नुसता कबुलीजबाब नव्हे. माझ्या पंक्तीला बसलेले पुष्कळ रसिक अजून त्याच ताटावर बसून आहेत आणि उठायचे नाव घेत नाहीत. त्यांच्याशी मला भांडायचे आहे. दिवाळीच्या दिवसांत भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरातली माणसे एरवी एकत्र सापडतात कुठे?

लेखिका आहेत उर्सुला ले ग्विन. जन्म १९२९ चा, कॅलिफोर्नियातील बर्कली गावचा. मृत्यू २०१८ साली, ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी. वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे नामांकित पंडित. घरात आदिवासींच्या कथा, दंतकथा आणि लाओत्सेचे चिनी तत्त्वज्ञान यांची नित्य ये-जा. या बाईंनी १९६८ साली एक कादंबरी लिहिली, ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’. अर्थसी म्हणजे बेटांचे जग. तिथे प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते. ते ज्याला कळले त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव जपून ठेवतात आणि जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. गाँट नावाच्या बेटावर शेळ्या राखणारा गेड नावाचा आईवेगळा पोरगा रोक बेटावरच्या विद्यापीठात जादू शिकायला जातो, गर्वाने एक भलताच मंत्र म्हणतो, आणि त्यातून एक काळी छाया मोकळी सुटते. ती त्याचा पाठलाग करते. मग तो तिचा पाठलाग करतो. अखेर भर समुद्रावर दोघांची गाठ पडते तेव्हा तो तिला मारीत नाही. तिला तो आपल्याच नावाने हाक मारतो आणि मिठीत घेतो. छाया त्याचीच होती.

पुढे १९७१ साली ‘द टूम्स ऑफ अटुआन’ आले. त्यात तेनार नावाची मुलगी आहे. लहानपणीच तिचे नाव काढून घेऊन तिला अंधाऱ्या भुयारांची पुजारीण केलेले असते. गेड तिथे येतो, ती त्याचा जीव वाचवते, तो तिला तिचे नाव परत देतो, आणि दोघे उजेडात येतात. १९७२ साली ‘द फार्देस्ट शोअर’ आले. एका मांत्रिकाने अमर होण्याच्या हव्यासापायी जीवन आणि मरण यांच्यामध्ये भगदाड पाडलेले आहे. गेड मृतांच्या कोरड्या प्रदेशात जातो, आपली सारी विद्या खर्ची घालून ते भगदाड बुजवतो आणि रिकाम्या हातांनी परततो. या तिसऱ्या पुस्तकाला १९७३ साली अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले.

मला ही तिन्ही पुस्तके १९७९ साली फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळाली. कॉलेजात असताना त्यांची पारायणे केली, आणि पुढे भाची बारा वर्षांची झाली तेव्हा तिला ती वाढदिवसाला दिली. बाईंचे चौथे पुस्तक ‘तेहानू’ आले १९९० साली, म्हणजे अठरा वर्षांच्या खंडानंतर. ते मी १९९२ साली मोठ्या हौसेने विकत आणले, पन्नासेक पाने वाचली, मिटले आणि जुन्या रद्दीबरोबर माळ्यावर टाकले. त्यानंतर कोणी ले ग्विन यांचे नाव काढले की मी तज्ज्ञाच्या थाटात सांगत असे, ‘पहिली तीन वाचा. पुढे बाईंना प्रचाराची बाधा झाली.’

२०२२ च्या दिवाळीआधी साफसफाई चालली होती. भाची चार दिवस आधीच आली होती आणि माळ्यावर चढून एकेक डबा खाली देत होती. वरूनच तिने विचारले, “मामा, हे चौथं पुस्तक इथं पत्र्याच्या पेटीत कसं?”

“ते नको वाचू. पहिल्या तिघांची चव जाईल,” मी म्हणालो.

“तू वाचलंस?”

“पन्नासेक पानं.”

ती काही बोलली नाही. धूळ झटकून पुस्तक घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी चिवड्याचे पोहे भाजताभाजता तिने मला शांतपणे विचारले, “मामा, त्या पन्नास पानांत तुला ती भाजलेली पोरगी दिसली नाही का रे?”

दिसली होती. म्हणूनच तर मिटले होते.

‘तेहानू’च्या आरंभीच एक लहान मुलगी आहे. तिच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार करून तिला शेकोटीत ढकलून दिलेले आहे. अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, एका हाताचा चिमटा झालेला. तिला उचलून घरी आणते ती तेनार. अंधारातून उजेडात आलेली तीच राजबिंडी पुजारीण आता एका शेतकऱ्याची प्रौढ विधवा झालेली आहे. तिच्या दारी गेड येतो तो ड्रॅगनच्या पाठीवरून, पण अर्धमेला. विद्या गेली म्हणून लाजेने तोंड लपवणारा. पुढे तो पुन्हा शेळ्या राखतो. मला १९९२ साली हवा होता महामांत्रिक. बाईंनी माझ्यासमोर आणून बसवला एक खचलेला गुराखी. मला हवी होती समुद्रयात्रा. त्यांनी दाखवले शेत, चूल आणि एका पोरीच्या जखमा धुणे. मी रुसलो. आणि रुसण्याला मी ‘अभिरुची’ असे भारदस्त नाव दिले.

आता माझ्या पंक्तीतल्या मंडळींचे आक्षेप एकेक करून घेतो.

पहिला आक्षेप असा, की बाईंनी स्त्रियांची बाजू घेऊन जुन्या, निर्मळ जगात भांडण आणले. महाशय, भांडण त्या जगात पहिल्या पानापासून होते. आपण ते ऐकत नव्हतो. गेडला पहिला मंत्र शिकवते कोण? त्याची मावशी, गावातली चेटकीण. जिथे नाव हेच सर्वस्व, त्या कादंबरीत त्या मावशीला नावसुद्धा नाही! बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट असते अशा अर्थाच्या गाँटमधल्या म्हणी तिथेच दिलेल्या आहेत. रोकच्या विद्यापीठात एकही मुलगी नाही. हे सारे मी कॉलेजात असताना डोळे मिटून गिळले होते. बाईंनी मात्र अठरा वर्षे ते मनात घोळवले आणि आपणच लिहिलेल्या जगाला प्रश्न विचारला. १९९२ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात त्यांनी सांगूनच टाकले, की पहिली पुस्तके आपण पुरुषांनी आखलेल्या वीरकथेच्या चाकोरीत राहून लिहिली होती. त्या काळची हवाच तशी होती. १९६९ साली एका गाजलेल्या अमेरिकन मासिकाने त्यांची कथा छापताना त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे घातली. कथा बाईची आहे हे वाचकाला कळू नये एवढ्याचसाठी. नावाचे मोल सांगणाऱ्या लेखिकेचेच नाव झाकलेले! तिने पुढे झाकलेल्या नावांची चौकशी केली तर त्याला प्रचार म्हणायचे?

‘तेहानू’तला एक प्रसंग मी तेव्हा वाचला होता, पण वाचूनही वाचला नव्हता. गेडचा वृद्ध गुरू ओगिअन मरताना आपले खरे नाव तेनारला सांगून जातो. मग दोन मांत्रिक येतात आणि याला पुरावा कोठे यावर वाद घालू लागतात. ती त्यांना गुरूचे नाव सांगते. त्यांच्या कानांवर ते पडतच नाही. बाई काही बोलते आहे एवढेच त्यांना जाणवते. तिला पुन्हा सांगावे लागते. आपापल्या घरात हे कधी घडलेच नाही असे छातीला हात लावून सांगणारा पुरुष मला दाखवा. मी त्याला माझ्या वाटचा अनारसा देईन.

दुसरा आक्षेप जरा विद्वत्तेचा आहे. लेखकाने एकदा रचलेले जग पुन्हा मोडू नये. ती वाचकाची फसवणूक होते. याचे उत्तर सहाव्या पुस्तकात आहे. तिसऱ्या पुस्तकातला मृतांचा प्रदेश आठवा. दगडांची बुटकी भिंत, पलीकडे न हलणारे तारे, धूळभरल्या रस्त्यांवरून फिरणारी माणसे. एकमेकांच्या प्रेमापायी मेलेली दोघे तिथे समोरासमोर येतात आणि ओळख न देता निघून जातात. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. त्या वेळी मला वाटले, मरण हे असेच असणार. केवढी ही खोल दृष्टी! पण बाईंचे त्यावर समाधान झाले नाही. २००१ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी ‘द अदर विंड’ लिहिले. त्याचा नायक मोठा मांत्रिक नाही. फुटकी भांडी सांधणारा आल्डर नावाचा साधा माणूस आहे. रोज रात्री स्वप्नात तो त्या भिंतीपाशी जातो आणि पलीकडून त्याची मेलेली बायको त्याचे चुंबन घेते. एवढ्या एका गोष्टीने सारा प्रदेश हादरतो. प्रेम तिथे चालत नव्हते ना? मग हे काय? शोध घेता घेता कळते, की तो कोरडा प्रदेश निसर्गाचा नियम नव्हताच. प्राचीन मांत्रिकांनी अमरत्वाच्या लोभाने ड्रॅगनांकडून चोरलेली ती भूमी होती. शेवटी भिंत पाडली जाते आणि मृत मोकळे होतात. गेडने प्राणांची बाजी लावून जे भगदाड बुजवले होते, त्याच्याही मुळाशी एक जुनी चूक होती, हे लेखिका आपल्या हातांनी लिहिते. याला फसवणूक म्हणतात? मी याला सचोटी म्हणतो. आपण तिशीत काढलेले सिद्धान्त सत्तरीत तपासून पाहण्याची हिंमत आपल्यातल्या किती जणांना आहे?

आणि तिसऱ्याशी सहावे ताडून वाचले म्हणजे तिसरेही बदलते. ते लहान होत नाही. आणखी दुःखद होते. पुनर्वाचनाचा अर्थ जुन्या चवीची जीभ चाळवणे एवढाच असेल, तर त्यासाठी पुस्तक उघडायला नको. आठवण पुरे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मौजेचा वाटतो. ‘पहिली तीन पुस्तके तर आम्हांला तोंडपाठ आहेत!’ असे म्हणणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो, गेडचा रंग कोणता? मी स्वतः या परीक्षेत नापास झालो आहे. माझ्या मनातला गेड वर्षानुवर्षे इंग्रज राजपुत्रासारखा गोरापान होता. पुस्तकात तर स्वच्छ लिहिले आहे, की तो तांबूस तपकिरी कातडीचा आहे, त्याचा जिवलग मित्र वेच त्याहून काळा आहे, आणि गोरे आहेत ते चढाई करून येणारे कार्ग लोक. बाईंनी हे ठरवून केले होते. २००४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर या कथेची मालिका आली, तिच्यात गेड गोरा केला, म्हणून बाईंनी जाहीर निषेध केला. त्या मालिकेवर मीही रागावलो होतो. पण त्या निर्मात्यांनी गोऱ्या प्रेक्षकांसाठी केले ते मी, एका सावळ्या कोकणी माणसाने, स्वतःच्या सावळ्या डोळ्यांसाठी आधीच करून ठेवले होते! माझ्या तोंडपाठाची ही किंमत.

तेव्हा ज्यांना तीनच पुस्तके हवीत त्यांनी ती तीन तरी नीट वाचावीत. आणि नीट वाचायची असतील तर पुढची वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

पुढची म्हणजे नुसती ‘तेहानू’ आणि ‘द अदर विंड’ नव्हेत. २००१ सालच्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या संग्रहाकडे फार थोडे लोक वळतात. त्यातल्या पहिल्या दीर्घकथेत कळते, की ज्या रोकच्या दारात मुलीला मज्जाव, ते विद्यापीठ उभारण्यात बायकांचाच मोठा वाटा होता! हुकूमशहांच्या काळात लपूनछपून ज्ञान जपणाऱ्या साध्या माणसांनी, बायकांनी आणि पुरुषांनी मिळून, ते स्थापले. दार पुढे लागले. जी रूढी सनातन म्हणून सांगतात तिचा उगम शोधला तर ती मधेच कोणीतरी घातलेली निघते, हे आम्हां मराठी वाचकांना कोणी नव्याने सांगायला नको. त्याच संग्रहात दलदलीच्या माळावरची एक कथा आहे. गुरांवर साथ आलेली असते, तिथे एक भ्रमिष्ट अनोळखी माणूस येऊन गुरे बरी करू लागतो, आणि दूधदुभत्यावर गुजराण करणारी एक बाई त्याला घरात आसरा देते. पुढे गेड स्वतः येऊन सांगतो, की हा पूर्वी केवढा उन्मत्त मांत्रिक होता आणि याने काय अनर्थ मांडला होता. बाई सारे ऐकून घेते आणि त्याला घराबाहेर काढीत नाही. ना युद्ध, ना ड्रॅगन. क्षमा म्हणजे काय हे मी व्याख्याने ऐकून समजलो नाही ते या कथेत समजलो.

अर्थसीच्या बाहेर गेलो तर आणखी किती तरी पडले आहे. ऑर्सिनिया नावाचा मध्य युरोपातला एक काल्पनिक देश बाईंनी तरुणपणापासून मनात वागवला होता. तिथे जादू मुळीच नाही. त्यावर १९७६ साली कथासंग्रह आणि १९७९ साली ‘मालाफ्रेना’ ही कादंबरी आली. लायब्ररी ऑफ अमेरिका या मानाच्या मालेत २०१६ साली त्यांचा पहिला खंड निघाला तो या ऑर्सिनियाचा, हे ध्यानात घ्या. १९८५ चे ‘ऑल्वेज कमिंग होम’ हे तर कादंबरी म्हणावी की काय, असा प्रश्न पडतो. भविष्यकाळातल्या कॅलिफोर्नियातल्या एका काल्पनिक जमातीच्या कथा, गाणी, नकाशे, विधी, इतकेच काय पाककृतीसुद्धा. आणि पुस्तकाबरोबर त्या जमातीच्या संगीताची ध्वनिफीत! वडिलांचे शास्त्र मुलीने कल्पनेच्या शेतात पेरले. २००८ सालची ‘लविनिया’ घ्या. व्हर्जिलच्या महाकाव्यात जिच्यासाठी युद्ध होते त्या राजकन्येच्या तोंडी एक शब्दही नाही. तिला या कादंबरीत वाचा फुटते. आपल्याकडे ज्यांना ऊर्मिलेचे मौन खटकत आले आहे त्यांना ही लविनिया परकी वाटणार नाही. आणि घरात सातआठ वर्षांचे मूल असेल तर त्याच्यासाठी १९८८ चे ‘कॅटविंग्ज’ आहे, पंख फुटलेल्या चार मांजरांच्या पिलांचे.

ही सारीच पुस्तके सारखी चांगली आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. आंधळी भक्ती हाही खुंटाच. ‘तेहानू’तला खलपुरुष पुठ्ठ्याचा वाटतो आणि शेवटी ड्रॅगन येऊन सोडवतो ते फार घाईचे झाले आहे. ‘ऑल्वेज कमिंग होम’ वाचताना मी दोनदा थकलो. तिसऱ्यांदा कोठेही उघडून वाचू लागलो तेव्हा कुठे जमले. ‘मालाफ्रेना’त मधली शंभर पाने कमी असती तर चालले असते. पण आवडत्या माणसाचे दोष दिसणे आणि त्याचे बोलणेच ऐकून न घेणे यांत फरक आहे. मी दोष पाहून पुस्तक मिटले नव्हते. न ऐकताच मिटले होते.

कोणी म्हणेल, अद्भुत कथा या गोडधोडासारख्या असतात. दमून आल्यावर घटकाभर मन रमवावे म्हणून वाचतो, तिथेही जळलेली पोर कशाला? या आक्षेपाला मी हसणार नाही, कारण तो माझाच होता. पण मग पहिल्या पुस्तकातली ती छाया आठवते. गेड तिच्यापासून जितका पळाला तितकी ती बलवान झाली. वळून सामोरा गेला तेव्हा ती त्याच्या हाती आली. हा धडा मी विशीत पाठ केला, भाचीला वाढदिवसाला वेष्टनात बांधून दिला, आणि मला नको असलेली छाया चौथ्या पुस्तकातून समोर आली तेव्हा तिला पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवली. तीन पुस्तकांचा भक्त पहिल्याच पुस्तकाच्या परीक्षेत नापास झाला.

त्या दिवाळीत मी ‘तेहानू’ पुरे वाचले. त्यात शेवटाकडे तेनारचा मुलगा, जहाजावर गेलेला स्पार्क, घरी परततो. शेत आता त्याचे, घर त्याचे. जेवतो. भांडी आवरायची वेळ येते तेव्हा तो म्हणतो, हे बायकांचे काम. जो या स्वयंपाकघरात जेवतो त्याचे हे काम आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळते. आणि भांडी घासायला उभा राहतो कोण, तर गेड! ज्याने ड्रॅगनांशी बोलणी केली आणि मृत्यूचे दार लावले, तो.

हे वाचले तेव्हा आमच्या घरी पाडव्याची पंगत नुकतीच उठली होती. माझे ताट पाटासमोर तसेच होते. चाळीस वर्षे ते तिथून कसे उचलले जात होते हे मला ठाऊक होते. ‘कोण उचलते’ असे मी स्वतःला कधी विचारले नव्हते. पुस्तक उपडे ठेवून मी उठलो, ताट घेतले आणि आत गेलो. बायकोने वळून पाहिले. तिला वाटले, मला आणखी काही वाढून हवे आहे.

“काय हवंय?” तिने विचारले.

प्रश्न साधा होता. पण तो तिला पडावा, याची मला शरम वाटली. भाची मोरीपाशी उभी होती. ती हसली नाही, काही बोललीही नाही. तिने फक्त थोडे बाजूला होऊन मला जागा करून दिली.